पहिलीच युरोपियन एसयूव्ही घेताय? खान्देशात या चुका टाळा

आपल्याकडे नवी गाडी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आणायची हौस असते. बहिणी माहेरी आलेल्या असतात, खापरावरची पुरणपोळी झाली की नव्या गाडीतून सगळ्यांनी मनुदेवीच्या दर्शनाला जायचं. मीही तोच मुहूर्त धरला आणि घाईत बऱ्याच गोष्टी बघायच्या राहून गेल्या. तुमच्या राहू नयेत म्हणून हे लिहितोय.

शोरूमच्या गारव्यात ठरवू नका

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. मी टेस्ट ड्राइव्ह घेतली संध्याकाळी सातला, गुळगुळीत हायवेवर, शेजारी फक्त सेल्समन. गाडी लोण्यासारखी पळाली. मग आखाजीला मागे दोघी बहिणी अन् मध्ये आई बसली, तेव्हा आईचे गुडघे मधल्या उंचवट्यामुळे वर आलेले दिसले. स्कोडाची कुशाक, फोक्सवॅगनची टायगुन अशा गाड्यांत मागे दोघं ऐसपैस बसतात, पण तिसऱ्या मोठ्या माणसाला अवघडून बसावं लागतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरची पाचही माणसं न्या आणि मध्ये कोण बसणार तेही तिथंच ठरवा.

वेळही दुपारी दोनची मागा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हाच एसीची खरी परीक्षा होते. उन्हात तासभर उभी केलेली गाडी मागच्या सीटपर्यंत किती मिनिटांत गार होते ते घड्याळ लावून बघा. सनरूफवर मुलं भाळतात, पण आपल्या उन्हात पैसे टाकायचे तर हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड सीटवर टाकावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाररस्त्यावरही गाडी घालून बघा. कुशाकचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते) १८८ मिमी सांगतात, तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसं अन् भरलेली डिकी असली की गाडी दबते, आणि गावच्या गतिरोधकाला पोट घासतं.

डिझेलच्या सवयीने चालवू नका

स्कोडा, फोक्सवॅगनने २०२० मध्ये भारतात डिझेल बंद केलं. आता मिळतं ते टर्बो पेट्रोल. १.० टीएसआय म्हणजे एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन; त्याचा १७८ एनएम टॉर्क (ओढायची ताकद) इंजिन मिनिटाला १७५० फेरे (आरपीएम) घेऊ लागलं की मिळतो. जुन्या डिझेलच्या सवयीने चाळीसच्या स्पीडला वरचा गिअर टाकला की इंजिन गुदमरतं आणि मग तक्रार होते, “गाडी उचलत नाही.” गाडीत दोष नसतो. कन्नड घाट चढताना वेळेवर गिअर उतरवा, फरक लगेच कळेल.

ऑटोमॅटिक घेताना गिअरबॉक्स कोणता ते विचारा. १.५ टीएसआय या मोठ्या इंजिनासोबत येणारा सात स्पीडचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच तापतो, म्हणून ब्रेक दाबा.

एक्स-शोरूम किमतीवर बजेट बांधू नका

“कितलाले पडनी?” (केवढ्याला पडली?) असं पाहुणे विचारतात, तो आकडा ऑन-रोड असतो, म्हणजे शोरूमच्या किमतीवर कर अन् विमा धरून. १४ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्क्यांनी १,६८,००० रुपये रोड टॅक्स लागतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हाच कर २० टक्के होतो. गाडी १० लाखांहून महाग असेल तर १ टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतात, पण तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मागता येतो. विमा शोरूमचाच घ्यायचं बंधन नाही. बाहेरून झिरो डेप्रिसिएशनसकट (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) दोन कोटेशन आणा अन् टेबलावर ठेवा.

लांबीलाही पैसे पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्यांना ४० टक्के. स्कोडाचीच छोटी एसयूव्ही कायलॅक ३,९९५ मिमी लांब, तर कुशाक ४.२ मीटरहून जास्त. एक लिटरचं इंजिन दोन्हीत मिळतं, तरी कर वेगळा.  चारच माणसांचं घर असेल तर कायलॅक आधी बघा.

मुहूर्तासाठी तपासणी सोडू नका

आखाजीच्या दिवशी शोरूमला रांग लागते, हारतुरे होतात, फोटो निघतात, आणि गाडी नीट बघायला कुणालाच सवड नसते. माझ्या गाडीच्या मागच्या दारावरचा ओरखडा घरी आल्यावर दिसला, तोपर्यंत सही झालेली होती. म्हणून पासिंगच्या आधीच, दिवसाउजेडी जाऊन चेसिस नंबर जुळवा. फॉर्म २२ वर (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र) उत्पादनाचा महिना बघा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष दाखवतात. पूजा मुहूर्तावर करा, तपासणी त्याआधी दोन दिवस.

वर्कशॉप किती लांब आहे?

शहादा, रावेर, चोपड्याच्या माणसाने बुकिंगआधीच हे मोजावं. सर्व्हिस वर्षाला किंवा १५,००० किलोमीटरला सांगतात, पण आपली धूळ बघता एअर फिल्टर मध्येच उघडून बघायला लावा. अपघाताचं बॉडीचं काम तिथंच होतं की गाडी नाशिकला पाठवतात, हेही विचारा. आणि स्टेपनी काढून बघा. काही गाड्यांत ती मूळ चाकापेक्षा लहान असते, वर वेगमर्यादेचं स्टिकर असतं. रात्री धुळ्याहून निघालेल्या माणसाला पंक्चर झाल्यावर ते पहिल्यांदा दिसू नये.