सात सीटरचं बुड घासतंय? आधी या चुका टाळा

आमच्या डिझेल सात सीटरच्या कागदावर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचं बुड यांच्यातलं अंतर, १८० मिलिमीटर लिहिलाय. साताऱ्यात एकटा फिरत होतो तोवर कधी काही लागलं नाही. मग घरचे सातजण भरून पालीला खंडोबाच्या दर्शनाला निघालो. काशीळला हायवे सोडला आणि पुढच्या गतिरोधकावर खालून असा खर्रर्र आवाज आला, की आत्या मागून म्हणाली, "काय पडलं का रे?"

पडलं काहीच नव्हतं. पण पुढचे चार महिने मी जे उपाय केले त्यातले निम्मे चुकीचे होते.

पहिली चूक म्हणजे कागदावरच्या आकड्यावर विसंबणं. बहुतेक वेळा तो रिकाम्या गाडीचा असतो. माणशी ६० किलो धरले तरी सातजणांचे ४२० किलो होतात, वर बॅगा आणि पाण्याचे कॅन. तिसऱ्या रांगेचं आणि डिकीचं वजन मागच्या चाकांवर, किंबहुना त्यांच्याही मागे पडतं, त्यामुळे गाडी मागून बसते. टेप घ्या, सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, एकदा रिकामी असताना आणि एकदा सगळ्यांना बसवून. आमची मागून ५ सेंटिमीटर आणि पुढून दीड सेंटिमीटर खाली आली. म्हणजे मधल्या पोटाखाली १८ च्या जागी साधारण १५ सेंटिमीटरच उरले. डाव्या-उजव्या बाजूचं माप वेगवेगळं आलं तर स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे असं समजा.

आता गतिरोधकाचा हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याची चढण इतकी पसरट असते, की पुढच्या-मागच्या चाकांत पावणेतीन मीटर अंतर असलेली गाडी त्यावर उभी राहिली तरी मधला भाग चाकांच्या पातळीपेक्षा फार तर साडेपाच सेंटिमीटर वर येतो. भरलेली गाडीही त्यावर सहज जाते. घोळ होतो तो गावकीने रातोरात घातलेल्या अरुंद, उंच वरवंट्यांवर. तो अख्खा दोन चाकांच्या मधे मावतो आणि त्याची सगळी उंची थेट पोटाला येऊन भिडते.

तिथे आपण सगळेच एक गोष्ट करतो, गतिरोधकावर चढताना ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक दाबला की नाक खाली जातं, आणि डिझेल इंजिनाचं वजन मुळातच पुढे असतं. वेग आधीच कमी करा, पुढचं चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडा, पहिल्या गिअरमध्ये क्लच सांभाळत गाडी तरंगत न्या. ही एक सवय बदलल्यावर आमचा निम्मा आवाज बंद झाला. एक पैसा लागला नाही.

तिरकी घालणं चालतं, कारण मग दोन्ही चाकं एकदम उतरत नाहीत. पण आरशात बघून. आपण तिरके झालो, की मागचा दुचाकीवाला हमखास मोकळ्या बाजूने घुसतो.

ऊसतोडीच्या दिवसांत शेताकडच्या रस्त्यांवर वेगळंच दुखणं असतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा उरतो. चाकं चाकोरीत ठेवलीत तर बुड टेकलंच. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला घ्या. चाकोरी सोडायचा सल्ला इथे अगदी शब्दशः घ्यायचा.

मग येतात बाजारातले उपाय. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी तुकडे मीही घातले. गाडी थोडी उचलली, पण ते दोन वेढे कामच करेनासे झाले. बाकीच्यांवर ताण आला आणि रिकामी गाडी खडखडू लागली. दोन महिन्यांत काढून टाकले. शॉकअप बदलून उंची वाढेल असंही कुणी सांगतं. वजन पेलते ती स्प्रिंग, शॉकअप फक्त उसळी आवरतो. तो गेला असेल तर मात्र गाडी दुसऱ्या झोक्याला जास्त खाली येऊन घासते, म्हणून तपासून घ्या. टायर १८५/६५ आर १५ चे १९५/६५ केले, तर व्यास १३ मिलिमीटरने वाढतो, पण क्लिअरन्स त्याच्या निम्माच, साडेसहा मिलिमीटर. त्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक आत घासायची जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही. त्यापेक्षा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जी हवा लिहिली आहे तेवढी भरा.

हे सगळं करण्याआधी घासतंय काय ते शोधा. ते मी सर्वांत शेवटी केलं. आमच्या मेस्त्रींनी गार गाडीखाली शिरून सायलेन्सर, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), मागचं स्टेपनीचं चाक अशा सगळ्या सखल जागांना ओल्या चुन्याचा हात दिला आणि वाळल्यावर मला त्याच गतिरोधकावरून फिरवून आणायला सांगितलं. चुना पुसला गेला होता फक्त सायलेन्सरच्या सांध्यावर. त्याला अडकवणारं एक रबर तुटून नळी दोन बोटं खाली लोंबत होती. रबर बदललं, काम झालं.

चेंबरला मार बसला असेल, तर मात्र थट्टा नको. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी काळा, बुळबुळीत डाग दिसला तर इंजिन ऑइल, रंगीत पाणी असेल तर कूलंट. स्वच्छ पाणी बहुधा एसीचं असतं. गळती नसली तरी पोचा बघून घ्या, कारण ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून थोडीच वर असते. पत्रा आत दबला, की ऑइल ओढलं जात नाही आणि टर्बोचे बेअरिंग आधी जातात. ऑइलचा लाल दिवा लागला, तर गॅरेज समोर दिसत असलं तरी इंजिन तिथेच बंद करा आणि मेस्त्रींना जागेवर बोलवा.