जुनं पॅटर्न विमान बांधताय? या चुका टाळा

साठ-सत्तरच्या दशकातली पॅटर्न विमानं, म्हणजे हवाई कसरतींच्या स्पर्धेत रिमोटने उडवायची मॉडेल विमानं, आज बांधल्यावर नीट उडत नसली की लोक म्हणतात, नकाशाच (बांधणीचा आराखडाच) चुकलाय. मला ते पटत नाही. फिल क्राफ्टने १९६७ मध्ये कॉर्सिकात क्विक फ्लाय ३ हे विमान उडवून या प्रकारातलं जागतिक विजेतेपद मिळवलं, तर हानो प्रेटनरने १९७७ मध्ये अमेरिकेत क्युरारे या विमानावर. दोघांनीही आपलं विमान स्वतः आखलेलं होतं. गडबड होते ती बहुधा आपण केलेल्या 'सुधारणां'मुळे.

सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे शेपूट जड होणं. क्राफ्ट स्वतः विमानांचे रेडिओ कंट्रोल सेट बनवायचा. त्याच्या काळातले रिसीव्हर, सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटर) आणि निकेल-कॅडमियम बॅटरी चांगल्याच वजनदार असत, आणि नकाशातली त्यांची जागा हे वजन धरूनच ठरलेली असे. आज पुढची जड बॅटरी जाऊन तिथे हलकी लिथियम येते आणि सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, मागे सरकतो. त्यात शेपटीला कडक, जड बाल्सा लाकूड वापरलं की संपलंच. शेपटीचं अंतर नाकापेक्षा मोठं असल्यामुळे तिथल्या दहा ग्रॅमसाठी नाकात दुप्पट-तिप्पट वजन भरावं लागतं. एलेव्हेटर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी पट्टी) जरा हलवला की विमान उसळतं, उतरताना नाक वर उचलतं, ही याची लक्षणं. मग एक्स्पो (स्टिकच्या मधल्या भागात हालचाल सौम्य करणारी रिमोटमधली सोय) वाढवत बसू नका. आधी सीजी नकाशातल्या खुणेवर आणा. ग्लो इंजिन (मॉडेल विमानांचं छोटं, इंधनावर चालणारं इंजिन) असेल तर तोल टाकी रिकामी ठेवून तपासा, कारण टाकी पुढे असते आणि इंधन संपत जातं तसा सीजी मागे जातो.

दहा सीसी इंजिन काढून विजेची मोटर बसवणारे हवा आत घ्यायला भोक पाडतात, पण ती बाहेर जायला भोक पाडायचं विसरतात. बाहेरचं भोक आतल्यापेक्षा मोठंच हवं, नाहीतर बॅटरी तापते.

उडताना अचानक घरघर ऐकू आली तर तो फ्लटर, म्हणजे पंखाची किंवा शेपटीची हलती पट्टी जोरात थरथरणं, समजा. लगेच थ्रॉटल बंद करा आणि विमान हळू करून उतरवा. नंतर पुशरॉडची (सर्व्हो आणि पट्टी जोडणाऱ्या दांडीची) ढिलाई आणि सर्व्होचे गिअर बघा, एलेरॉनच्या (पंखामागच्या, विमान लोळवणाऱ्या पट्टीच्या) बिजागरीची फट टेपने बंद करा. ही विमानं वेगाने उडायला बनवलेली आहेत, त्यांना ढिली जोडणी चालत नाही.

थ्रोचंही, म्हणजे पट्टी किती हलते त्याचंही, तेच. थ्रीडी विमानाची (अगदी हळू, टोकाच्या कसरती करणाऱ्या मॉडेलची) सवय लागलेले एलेव्हेटरला भरमसाट थ्रो देतात, आणि उतरताना जोरात ओढला की विमान एका पंखावर अचानक खाली झुकतं. पहिल्या उड्डाणाला नकाशातलाच थ्रो ठेवा आणि थोडा वेग राखून उतरा.

क्युरारेच्या शेपटीचे आडवे पंख टोकांकडे खाली झुकलेले दिसतात, म्हणून शेपूट चुकली समजून कुणी ती सरळ करून टाकतं. ती नुसती नक्षी नव्हे. रडर (शेपटीची उभी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) दिल्यावर विमान आपोआप एका अंगावर लोळू पाहतं, त्याला हा झुकाव विरोध करतो. शेपूट सरळ केलीत तर नाइफ एजमध्ये (पंख उभे ठेवून कुशीवर उडताना) एलेरॉनने सावरत बसावं लागेल.