गूगल सर्चमध्ये माझ्या पानाचं शीर्षकच बदलून दिसत होतं, ते असं सुधारलं

माझी रेसिपीची छोटी साइट आहे, गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकांच्या पानावर क्लिक एकदम कमी झाले, इंप्रेशन (सर्चमध्ये पान किती वेळा दिसलं ते) तेवढेच, सर्चमधला नंबरही तोच. मग मोबाइलवर स्वतः सर्च केलं तर निळ्या अक्षरात नुसतं 'साहित्य आणि कृती', मोदकाचं नावच नाही! कोण उघडणार असं पान? खूप वाईट वाटलं. कारण सापडायला दोन दिवस गेले. मी टायटल (पानाच्या कोडमध्ये दिलेलं शीर्षक) रोमन लिपीत टाकलेलं आणि आतला मजकूर सगळा मराठी, आणि जून 2022 पासून टायटलची लिपी मजकुराशी जुळत नसेल तर गूगल मजकुराच्या लिपीतलं शीर्षक दाखवतं, त्यात माझ्या थीममध्ये 'साहित्य आणि कृती' हेच एच-वन (पानावरचा मुख्य मथळा) होतं, मग तेच उचललं गेलं. टायटल देवनागरीत केलं, 'उकडीचे मोदक: पारी न फाटता कळ्या कशा पाडायच्या', एच-वनही तेच, 'साहित्य' खाली एच-टूमध्ये (उपमथळ्यात) घेतलं आणि सर्च कन्सोलमधून (साइट चालवणाऱ्यांसाठीचं गूगलचं टूल) परत इंडेक्सिंगची, म्हणजे पान पुन्हा वाचून नोंदवण्याची, रिक्वेस्ट टाकली. आठवड्याभरात नवीन शीर्षक दिसायला लागलं, क्लिकही हळूहळू परत येतायत. बाकीची जुनी पानं रोज दोन-तीन करून बदलतेय, पुरणपोळीचं आजच झालं.