आर्किटेक्चरमध्ये पीएचडी करताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

आर्किटेक्टची पीएचडी बहुतेक वेळा विषयापाशीच अडते. बी.आर्कची पाच वर्षं आपल्याला आधी साईट मिळते आणि मग काम सुरू होतं. त्याच सवयीनं पीएचडीलाही लोक साईट धरतात: ‘जुन्या नाशकातले वाडे’. मग दहा-बारा वाडे मोजायचे, प्लॅन-सेक्शन काढायचे, फोटो जोडायचे. कमिटीसमोर गेलं की प्रश्न येतो, "यातून शोधलंत काय?" मेजर्ड ड्रॉइंग, म्हणजे वास्तू मोजून काढलेला नकाशा, कितीही देखणं असलं तरी ते दस्तऐवजीकरणच. त्यामागे प्रश्न नसेल तर त्याचा प्रबंध होत नाही.

‘भावकीत वाटण्या झाल्यावर वाड्याचा चौक कोण वापरतं आणि त्यामुळे दुरुस्ती का रखडते?’ हा प्रश्न झाला. कोणते वाडे मोजायचे, कोणाशी बोलायचं, सिटी सर्व्हेचे उतारे (मालकीच्या सरकारी नोंदी) काढायचे की नाही, हे सगळं तोच ठरवतो. मोजमाप आधीच उरकलं असेल तरी ड्रॉइंगं फेकू नका. ती शेजारी शेजारी लावा आणि न जुळणाऱ्या गोष्टी शोधा: चौकात मागाहून घातलेली भिंत, बंद केलेला जिना, एकाच ओटीला दोन दारं. प्रश्न बहुधा तिथेच सापडतो.

सिंहस्थावर काम करणाऱ्यांची अडचण निराळी. २०१५ नंतरचा कुंभमेळा २०२६-२७ मध्ये येतोय. त्या वेळी तुम्ही कोर्सवर्कमध्ये (सुरुवातीच्या अभ्यासक्रमात) किंवा सिनॉप्सिसच्या (संशोधन-आराखड्याच्या) दुरुस्त्यांत अडकलात, तर गोदाघाटावरची गर्दी पुन्हा पाहायला बारा वर्षं थांबावं लागेल. चुकामूक झालीच तर विषय मेळ्याकडून त्याच्या मागे उरणाऱ्या गोष्टींकडे वळवा: साधूंच्या मुक्कामासाठी उभारलेल्या साधुग्रामची जागा, घाटांचं काँक्रीट, रुंद केलेले रस्ते.

गाईड निवडताना नुसतं नाव पाहू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणून जागा आहे का, हे आधी विचारा.

प्रॅक्टिस सांभाळून पार्ट-टाइम करणाऱ्यांना मुदत भरपूर वाटते. किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुढे री-रजिस्ट्रेशन करून जास्तीत जास्त दोन. पण दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवावी लागते, आणि तिथे बी.आर्कच्या जुरीच्या (परीक्षकांपुढे डिझाइन मांडण्याच्या) आदल्या रात्रीची जागरणं कामाला येत नाहीत. वाचन आणि लिखाण ही रोजची कामं आहेत. मला विचाराल तर साईट व्हिजिटच्या आधीचा सकाळचा तास त्यासाठी राखावा.

एम.आर्कच्या प्रबंधातली प्रकरणं जशीच्या तशी उचलू नका. स्वतःचं लिखाण असलं तरी संदर्भ न देता वापरलं तर तेही वाङ्मयचौर्यात मोडतं.

आणि परवानग्या. पांडवलेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथे मोजमाप करायचं तर पत्र वेळेत टाका. खासगी वाड्यात मामला आणखी नाजूक असतो. टेप घेऊन आलेला माणूस महापालिकेचा किंवा बिल्डरचा, असंच घरच्यांना वाटतं. कॉलेजचं पत्र दाखवा, नकाशे कोण पाहणार ते स्पष्ट सांगा, आणि पहिल्या भेटीत टेप पिशवीतच राहू द्या.