रंग देण्याआधी भिंतीला प्लास्टिक चिकटवून बघा

जुन्या घराची भिंत हाताला कोरडी लागते, म्हणून आपण हौसेनं रंग देतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत आमच्या गावभागातल्या घरी हेच झालं. दोन डबे रंग आणि चार दिवसांची मेहनत वाया गेली.

आता आधी असं करतो:

१. जाड, पारदर्शक प्लास्टिकचे दीड बाय दीड फुटांचे दोन तुकडे घ्या.

२. भिंतीवरचा सुटा रंग खरवडा. एक तुकडा जमिनीपासून वीतभर वर आणि दुसरा छातीइतक्या उंचीवर लावा. चारही कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा, कुठे फट नको.

३. २४ तासांनी बघा. प्लास्टिकच्या आतून थेंब आले तर ओल भिंतीतच आहे. थेंब बाहेरून असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा. फक्त खालच्याच तुकड्यात पाणी दिसलं, तर ओल बहुधा जमिनीतून चढते आहे.

ओल आढळली तर खिडक्या उघड्या ठेवून महिनाभर थांबा आणि पुन्हा तपासा. मार्च-एप्रिलचं कडक ऊन यासाठी फार मोलाचं. पांढरा लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार) आला असेल तर कोरड्या ब्रशनंच झाडा. पाण्यानं पुसला की क्षार विरघळून परत भिंतीत मुरतात.

एक जपा: मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर ओल झाकायला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आतच कोंडते आणि आणखी वर चढते. तिथे चुन्याचाच गिलावा करा.