सातवीच्या वर्गात वाचन कसं घ्यायचं, माझी पद्धत

मी सोलापुरात सहावी ते आठवीला मराठी शिकवते. बरीच वर्षं माझं वाचन म्हणजे धडा काढा, तू उठ, एक उतारा वाच, बस, पुढचा उठ, आणि शेवटी स्वाध्याय. मुलं आपला उतारा कुठला येणार ते मोजत बसायची, गोष्टीत कुणाचंच लक्ष नसायचं आणि खरं सांगते, माझंही नसायचं. पाठ्यपुस्तक सोडून मी स्वतः शेवटचं काय वाचलं तेच आठवेना, तेव्हा ठरवलं की आधी आपण वाचायला लागायचं.

तासाची पहिली दहा मिनिटं फक्त वाचायचं, ज्याला जे पाहिजे ते. त्या वेळात वह्या तपासू नका, आपलं पुस्तक उघडून बसा. पहिले चार दिवस मुलं तुमच्याकडंच बघतात, बाई खरंच वाचतायत का म्हणून. आणि नंतर प्रश्न विचारायचे नाहीत, हे सगळ्यात अवघड, कारण आपली जीभ वळवळते, पण तात्पर्य विचारलं की पोरगं दुसऱ्या दिवशी सगळ्यात पातळ पुस्तक उचलतं.

पुस्तकं कुलपात नकोत, एका खोक्यात उघडी ठेवा. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात, गोष्टी छोट्या असतात म्हणून अडखळणाऱ्यांना बऱ्या पडतात. पेपरची पुरवणीपण चालते.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, कुठं कन्नड, कुठं उर्दू. अशा मुलाला अचानक उभं करून वाचायला लावू नका. आदल्या दिवशी सांगा, उद्या हे अर्धं पान तुझं, घरी दोनदा वाचून ये. अर्थ तेलुगूत सांगितला तर सांगू द्या की, शेजारचा मराठीत सांगतो, दोघांचंही काम होतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई घरी विड्या वळते. मुलगी उभी केली की रडकुंडीला यायची, आवाजच फुटायचा नाही. तिला म्हटलं, वर्गात नको, रोज आईला वाचून दाखव. महिन्याभरानं आई पालक सभेला आली. म्हणाली, "बाई, मांडीवर सूप, हात चालूच असतेत, कान तेवढे रिकामे. पोरगी वाचती तवा हजार कधी झाल्या कळत नाही. पण तुम्ही पुस्तक परत घेतलं, त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

वाचन वर्गातल्या दहा मिनिटांतच व्हावं म्हणून मी संध्याकाळी सगळी पुस्तकं गोळा करून घेत होते, तिला घरी दिलेलंही संपायच्या आत परत घेतलं होतं. तिथंच चुकत होतं. आता वहीत नाव लिहायचं आणि पुस्तक दप्तरात टाकायचं, एवढाच नियम. काही परत येत नाहीत, मी मागे लागत नाही. त्या आईला मात्र दुसऱ्याच दिवशी मुलीच्या हातून ते पुस्तक पाठवलं.