कोल्हापूरहून नाशिकच्या द्राक्षमळ्यांत दोन दिवस: निघण्याआधीची तयारी

तारीख ठरवताना सुट्ट्यांचं कॅलेंडर नंतर उघडा, आधी द्राक्षवेलीचं वेळापत्रक बघा. युरोपात वेल थंडीत झोपते, आपल्याकडं झोपत नाही. म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरत आला की गोडी छाटणी. या दुसऱ्या छाटणीवर धरलेला माल साधारण जानेवारी ते मार्च तोडणीला येतो. नाशिकच्या वाइनरी बघायच्या तर याच तीन महिन्यांत. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार आणि गंगापूर धरण भरलेलं असतं, फोटो उत्तम येतात, पण वेलीवर घड नसतो आणि द्राक्षं चिरडायची यंत्रं झाकून ठेवलेली असतात. एवढ्या लांब जाऊन फक्त ग्लास हातात धरायचा असेल तर तो कोल्हापुरातही धरता येतो.

तीन महिन्यांतही निवड आहे. फेसाळत्या वाइनची द्राक्षं आंबटपणा टिकावा म्हणून सगळ्यांत आधी तोडतात. मागोमाग सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जाती येतात आणि शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या जाती त्यानंतर. माझं मत फेब्रुवारीच्या मधल्या शनिवार-रविवारला. तेव्हा पांढऱ्यांची धांदल संपत आलेली असते आणि काळ्यांची सुरू होत असते. 26 जानेवारीला जोडून येणारी सुट्टी मोहात पाडते, पण तो ड्राय डे आहे, त्या दिवशी टेस्टिंग मिळणार नाही. निवडणूक जवळ असेल तर मतदानाच्या आणि मतमोजणीच्या तारखाही बघून घ्या. 2027 च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या काळात नाशिकला जायचं ते गोदावरीच्या स्नानासाठी. वाइनरीचा बेत तेव्हा नको.

तारीख पक्की झाली की त्याच दिवशी खोली पक्की करा. काही वाइनरींनी मळ्यातच राहायची सोय केली आहे, पण हंगामातले शनिवार फार आधी भरतात आणि महागही पडतात. चौघंजण असाल आणि बजेट बेताचं असेल तर गंगापूर रोडकडचं साधं हॉटेल घ्या. बहुतेक वेळ बाहेरच जाणार आहे.

आता प्रवास. कोल्हापूर ते नाशिक अंतर साडेचारशे किलोमीटरच्या घरात आहे. गाडी काढली तर सातारा, खंबाटकी घाट, पुणे, मग चाकणची कोंडी, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा अख्खा दिवस रस्त्यात जातो आणि दोन दिवसांच्या सहलीत तो परवडत नाही. म्हणून शुक्रवारी रात्रीची स्लीपर बस आणि रविवारी रात्रीची परतीची, दोन्ही तिकिटं एकदमच काढा. नाशिकची बस द्वारका चौकात सोडते की आणखी कुठं, हे तिकीट काढतानाच विचारा, कारण पहाटे उतरल्यावर रिक्षासाठी तेच लागतं. सोमवारी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठेवा. कुणी गाडीनंच जायचं म्हणत असेल तर शुक्रवारी दुपारीच निघा आणि नारायणगावात चहाला थांबा. फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाइन आपल्या देशात व्यापारी पातळीवर पहिल्यांदा तयार झाली ती याच परिसरात, 1980 च्या दशकात, शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीत. नाशिकचं नाव वाइनशी जोडलं गेलं ते बरंच नंतर. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली 2000 साली, आणि महाराष्ट्र सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं 2001 साली.

नाशिकमध्ये फिरायला ड्रायव्हरसह गाडी आधीच ठरवा. यात तडजोड नको. रक्तात 100 मिलिलिटरमागं 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि चार-पाच घोट चाखून झाल्यावर आपण कुठं आहोत याचा अंदाज कुणालाच नीट येत नाही. ‘आमच्यातला एकजण पिणार नाही’ हे ठरवून निघालेले गट मी पाहिले आहेत. दुपारपर्यंत तो एकजणही चाखायला लागतो.

दिवसाला दोन वाइनरी, तिसरी नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, तो एक दिवस झाला. दुसऱ्या दिवसासाठी दिंडोरीची दिशा धरा, किंवा इगतपुरीकडं संजेगावची ग्रोव्हर झांपा आणि कावनईची व्हॅलोने. दिंडोरी उत्तरेला आणि इगतपुरी नैऋत्येला, त्यामुळं एकाच दिवशी दोन्हीकडं जाऊ नका. लहान वाइनरीला आधी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: या आठवड्यात तोडणी सुरू आहे का, आणि सकाळची फेरी किती वाजता. द्राक्षं गार असताना तोडायची म्हणून काम पहाटे किंवा रात्रीच उरकतात. दुपारी पोचलात तर रिकामे क्रेट दिसतील. काही ठिकाणी हंगामात पाहुण्यांना टबात उतरून द्राक्षं तुडवायला देतात. त्यासाठी एक जुनी अर्धी चड्डी आणि टॉवेल बॅगेत टाका, डाग निघत नाहीत.

डोक्याची तयारीही करून जा, आणि इथं कोल्हापूरकराला फायदा आहे. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं प्रमाण) आणि उतारा (उसामागं निघणारी साखर) हे शब्द शिकवावे लागत नाहीत. वाइनमेकरही तोडणीची वेळ ठरवताना रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्सच बघतो. खायची द्राक्षं 16 ते 18 ब्रिक्सला गोड लागतात, वाइनची साधारण 22 ते 24 पर्यंत पिकू देतात. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. लिटरमागं सुमारे 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का. हा हिशोब मनात ठेवून टाकीपाशी विचारा, ‘हा लॉट किती ब्रिक्सला तोडला?’ माहिती देणारा माणूस पाठ केलेलं भाषण सोडून खरं बोलायला लागतो. तासगाव, पलूस, मिरजेकडच्या बागा पाहिल्या असतील तर फरकही लगेच दिसेल. आपल्याकडं मांडवाखाली लोंबणारी टपोरी तास-ए-गणेश किंवा थॉमसन. तिथं तारांवर कुंपणासारखी उभी केलेली वेल, बारीक मणी, जाड साल आणि आत बिया. रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून मणी बारीक असलेला चांगला. भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांचा त्रास मात्र दोन्हीकडं सारखाच. फवारणी कधी झाली हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा विचारल्याशिवाय घड तोडून तोंडात टाकू नका.

चाखायच्या सकाळी अत्तर, परफ्यूम लावू नका. तुमच्यासोबत शेजारच्याचाही वास बिघडतो. तंबाखू आणि पान दुपारपर्यंत बंद. पोटभर नाश्ता करा, पण मिसळ नको. नाशिकची मिसळ जरूर खा, ती रविवारी टेस्टिंग संपल्यावर. तिखटानं भाजलेल्या जिभेला शेनिन आणि सोव्हिन्यों सारखेच लागतात. प्रत्येक ग्लासामागं तेवढंच पाणी प्या. थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कसलाच कमीपणा नाही, वाइनमेकर स्वतः तेच करतो.

आधार कार्ड सगळ्यांनी जवळ ठेवा, वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवानाही लागतो, तो काढून ठेवला की बाटल्या घेऊन येताना घोर राहत नाही. स्वेटर घ्याच. नाशिकची पहाट कोल्हापूरपेक्षा चांगलीच गार असते आणि शेजारच्या निफाडचा पारा हिवाळ्यात राज्यात सगळ्यांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आई-वडील बरोबर असतील तर शनिवारी सकाळी आधी त्र्यंबकेश्वर करा आणि मग मळ्यात जा. उलट क्रम त्यांना रुचणार नाही आणि तो बरोबरही नाही.

जाताना बॅगेत दोन जुन्या चादरी आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवा, येताना बाटल्या त्यात गुंडाळायच्या. बस किंवा गाडीच्या डिकीत वाइन तापते, म्हणून बाटल्या पायापाशी घ्या आणि बिल सोबत ठेवा. कोणत्या किती घ्यायच्या हे घरच्या जेवणावरून ठरवा. तांबड्या रश्श्याबरोबर तुरट रेड घेतली तर तिखट आणखी चढतं. त्याला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा रिझलिंग थंड करून बरी. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, त्याच्याशीही शेनिनच जमते. शिराझ ठेवायची ती सुक्या मटणासाठी, तेही मसाला बेताचा असेल त्या दिवशी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, तेव्हा घरात पिणारे दोघंच असाल तर एकावेळी एकच उघडा.